कात, पान आणि तोंडाचे अस्तर

विड्याला लागणारे मुख्य जिन्नस चार: पान, सुपारी, चुना आणि कात. उत्तर कोकणात हे चारही जिन्नस बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेत मिळत. किनाऱ्याला केळवे-माहीमच्या वाड्यांतून पानवेली आणि पोफळी होत्या. चुना समुद्राने दिलेल्या शिंपल्यांचा. पालघरहून वाघोबा खिंड ओलांडून पूर्वेला उतरले की मनोरच्या बाजूचे रान लागे आणि त्या रानात खैर. मनोर हे वैतरणेच्या खोऱ्यातले गाव. पोर्तुगीज अमलात ते वसईच्या हाताखालचा एक परगणा होते, शेजारी अशेरीचा किल्ला. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत हा मुलूख मराठ्यांकडे आला. पुढे ठाणे जिल्ह्यात राहिला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आला. या भागाच्या इतिहासात किल्ले येतात, सागवान येते, अलीकडे तारापूरची अणुभट्टी आणि औद्योगिक वसाहतही येते. विडा मात्र कुठे येत नाही. वास्तविक या मुलखाने शेकडो वर्षे विड्याला जिन्नस पुरवले, आणि त्या विड्याने माणसाच्या तोंडाच्या आतल्या अस्तराचे काय केले हे शोधून काढण्याचे बरेचसे काम इथून शंभर किलोमीटरवरच्या मुंबईत झाले.

चार जिन्नसांतला कात हा रानातला. खैराचे झाड तोडून बाहेरचे पांढरे लाकूड काढून टाकायचे, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या करायच्या, त्या मडक्यांत पाणी घालून उकळायच्या. रस उतरला की तो आटवायचा आणि दाट झाल्यावर थंड करून वड्या पाडायच्या. हे काम ज्यांचे, ते कातकरी. नावच धंद्यावरून पडलेले. पाऊस संपून रान वाळले की कुटुंबेच्या कुटुंबे खैराच्या झाडोऱ्यात उतरत, तिथेच झोपड्या घालत, चुली मांडत. देवाला नमस्कार केल्याशिवाय पहिले झाड तोडत नसत. कात गावातल्या वाण्याकडे जाई आणि त्याच्या बदल्यात धान्य, मीठ, कापड येई. या व्यवहारात कातकऱ्याच्या हाती थोडे आणि वाण्याच्या हाती पुष्कळ उरे, हे सांगायला दप्तर चाळण्याची गरज नाही.

इंग्रजांचा वनकायदा १८७८ मध्ये आला. राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या, खैर तोडणे गुन्हा ठरले आणि कातकऱ्यांचा कात सुटला. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये ही जमात आहे, पण तोवर तिच्या मूळ धंद्याची घसरण सुरू झाली होती. पुढच्या पिढ्या कोळसा पाडण्याच्या, शेतमजुरीच्या आणि वीटभट्टीच्या कामाला लागल्या. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९७५ मध्ये कातकऱ्यांचा समावेश आदिम जमातींच्या यादीत केला. कात होण्याचे मात्र थांबले नाही. तो चिपळूण-सावर्डे भागातल्या कारखान्यांत होऊ लागला आणि पालघर, जव्हार, वाड्याच्या रानातला खैर रात्रीच्या गाडीने चोरून जाऊ लागला. वनखात्याने खैर पकडल्याच्या बातम्या या जिल्ह्यात आजही येतात. ज्यांचे नाव कातावरून पडले त्यांना खैर तोडायला बंदी आणि खैराचा धंदा मात्र चालू, असा हा दीडशे वर्षांचा प्रकार आहे.

किनाऱ्याची गोष्ट वेगळी. केळवे-माहीमच्या वाड्या म्हणजे विहिरीच्या पाण्यावर राखलेली दाट सावली: नारळ, पोफळ, केळ आणि त्यांच्या आडोशाला पानवेल. पानवेलीला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, मुळाशी साचलेले पाणी तर मुळीच सोसत नाही. ओलावा मात्र रोज हवा. इतके लाड पुरवणारी शेती वाडवळ आणि माळी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. पान खुडून, निवडून, ओल्या फडक्यात वा केळीच्या पानात बांधून करंड्यांत भरायचे. दोन दिवस उशीर झाला की माल सडला. म्हणून मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे १८६४ मध्ये सुरतेकडून मुंबईपर्यंत पोचली तेव्हा पानमळ्यांचे नशीब उघडले. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला गुजरात आणि त्याच्याही पलीकडे उत्तरेचे बाजार. जे पान पूर्वी आसपासच्या आठवडी बाजारात खपे, ते आता रात्रीच्या गाडीने दूर जाऊ लागले.

पान खाण्याची चाल या किनाऱ्याला किती जुनी, याचा एक चांगला साक्षीदार बाहेरचा आहे. अल् मसूदी हा बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार ९१६ च्या सुमाराला चौलला, त्याच्या भाषेत सैमूरला, आला होता. त्याने आपल्या ग्रंथात तांबूलाचे वर्णन केले: पान, सुपारी आणि चुना एकत्र चघळतात, त्याने दात आणि ओठ लाल होतात, आणि ज्याचे दात पांढरे तो इथे विचित्र दिसतो. त्याच सुमाराला, ९२६ च्या राष्ट्रकूट ताम्रपटानुसार, संजाणच्या मंडलावर एक अरब अधिकारी कारभार पाहत होता. तो ताम्रपट तारापूरजवळच्या चिंचणीला सापडला. तेव्हा हा किनारा पाहुण्यांना नवा नव्हता आणि पाहुण्यांना पान देणे किनाऱ्याला नवे नव्हते.

दोनशे वर्षांनी कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास हा ग्रंथ लिहिला किंवा लिहवून घेतला. त्यात राजाने भोगायच्या सुखांत तांबूलाला स्वतंत्र प्रकरण आहे. सुपारी कशी निवडावी, पान कसे असावे, चुना कशाचा, कापूर किती, हे सगळे बारकाईने. हा मोठ्यांचा विडा. गरिबाचा विडा पान, चुना आणि मिळाली तर सुपारी एवढाच. मात्र दोघांच्याही बाबतीत विडा जेवणानंतरचा, पाहुण्याच्या स्वागताचा किंवा कार्यातला. लग्न ठरले की सुपारी फुटे, देवापुढे पानावर सुपारी मांडली जाई, कामाची जबाबदारी घेणारा विडा उचले. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने पान आणि सुपारी या दोहोंवर लिहिले. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते, त्यामुळे उत्तर कोकणातली चाल त्याला पाहून माहीत होती. त्याच्या विड्यात तंबाखू नाही.

तंबाखू त्यानंतर आली. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमाराला विजापूरहून आग्र्याला तंबाखू घेऊन गेला, म्हणजे दख्खनमध्ये ती आधीच पोचली होती. पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरलेल्या या पानाने शंभर-दीडशे वर्षांत चंचीत चुन्याशेजारी जागा मिळवली. कोकणात आणि देशावर तिचे अनेक प्रकार झाले. हातावर चुन्याने मळून गालफडात धरायची तंबाखू, भाजून पूड करून दातांना लावायची मशेरी, नाकात ओढायची तपकीर, आणि विड्यात घालायची. पाहुण्याला द्यायचा विडा आणि कामकऱ्याने दिवसभर गालात धरायचा बार यांत फरक पडला तो इथे. विड्याच्या इतिहासात यापेक्षा मोठे वळण नाही.

आता तोंडाकडे. गालाच्या आतले अस्तर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. पेशींचे थर एकावर एक रचलेले, खालच्या थरात नवी पेशी जन्मते, वर सरकते आणि दोन आठवड्यांच्या आसपास वरून गळून जाते. त्यावरून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ वाहते. तोंडात जिवाणूंच्या सातशेच्या आसपास जाती सापडल्या आहेत. शिवाय दररोज भात, भाजी, मासे, दूध, फळ, मसाला अशी शेकडो परकी प्रथिने येतात. शरीराची प्रतिकार यंत्रणा रक्तात असे परके काही दिसताच तुटून पडते. तीच यंत्रणा तोंडात तसे वागू लागली तर प्रत्येक घासाला तोंड सुजेल. तसे होत नाही, कारण तोंडाचे अस्तर सोसायला शिकलेले असते. हे सोसणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. त्यामागे पेशींचे रोजचे काम आहे.

पहिला बंदोबस्त लाळेचा. लाळेतले आयजीए नावाचे प्रतिद्रव्य जिवाणूंना आणि अन्नातील कणांना चिकटते, त्यांना अस्तराला धरू देत नाही आणि घशाखाली पाठवते. हे करताना ते रक्तातल्या प्रतिद्रव्यांसारखी जळजळ उठवत नाही. दुसरे काम अस्तरातल्या लांब फांद्या असलेल्या पेशींचे. १८६८ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन वैद्यक-विद्यार्थ्याला अशा पेशी कातडीत दिसल्या. त्यांच्या फांद्या पाहून त्याने त्या मज्जातंतूंच्या आहेत असे मानले. शंभर वर्षांहून अधिक काळाने कळले की त्या पहारेकरी आहेत. या पेशी अस्तरातून आलेला कण उचलतात, जबड्याखालच्या लसिका गाठींपर्यंत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात. दाखवताना सोबत निरोप काय देतात यावर पुढचे ठरते. निरोगी तोंडातल्या लँगरहान्स पेशी शांतपणाचा निरोप देतात. आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा या नावांची रसायने त्या निरोपाची भाषा आहे. ती मिळाली की कोवळ्या टी-पेशींतून नियामक टी-पेशी तयार होतात, आणि त्या पेशी इतरांना आवरून धरतात. जिवाणूची चाहूल लागली तरी तोंडातली लँगरहान्स पेशी बऱ्याचदा हाच निरोप पाठवते. कातडीतली तशी वागेलच असे नाही.

मात्र तोंड सगळीकडे सारखे नाही. जिभेखालचा भाग फार शांत, तिथे अॅलर्जी उठवणाऱ्या मास्ट पेशी थोड्या. म्हणून धुळीच्या किंवा परागांच्या अॅलर्जीवर जिभेखाली थेंब धरायचे उपचार १९८६ पासून चाचण्यांतून पुढे आले. उलट दातांभोवतीची हिरडी नेहमी सावध. तिच्यात टीएच-१७ नावाच्या लढाऊ पेशींची सततची फळी असते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधनात दिसले की उंदरांत ही फळी जिवाणूंपेक्षा चावण्याच्या घासण्याने अधिक वाढते. कडक अन्न खाणाऱ्यांत ती जास्त. सुपारी कडकडा फोडत दिवसभर चावणाऱ्याच्या हिरडीला हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती.

तोंडावाटे दिलेल्या वस्तूशी शरीर सलोखा करते, ही कल्पना शास्त्रात कुठून आली याचा इतिहासही विड्याइतकाच गावरान आहे. १८२९ मध्ये डेकिन नावाच्या अमेरिकी वैद्याने लिहिले की तिथले आदिवासी विषारी आयव्हीची पाने चघळतात, मग त्या वेलीच्या स्पर्शाने त्यांच्या अंगावर फोड येत नाहीत. ही वेल बिब्ब्याच्या कुळातली. मनोरच्या रानात बिब्बा उतल्यावर काय होते हे गोळा करणाऱ्यांना ठाऊक आहे, आणि दोन्हींतला अंग भाजणारा रस रसायनाने जवळचा आहे. १९११ मध्ये शिकागोच्या गिडियन वेल्सने गिनीपिगांना आधी अंड्यातले प्रथिन खाऊ घातले. नंतर तेच प्रथिन टोचले तर ते मेले नाहीत. आधी न खाल्लेले मेले. १९४६ मध्ये मेरिल चेसने हाच प्रयोग कातडीला फोड आणणाऱ्या रसायनावर केला. यंत्रणेतला मधला दुवा मात्र १९९५ पर्यंत सापडला नव्हता. त्या वर्षी जपानच्या शिमोन साकागुची यांनी नियामक टी-पेशी ओळखण्याची खूण दाखवली. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी पुढे त्या पेशींचे काम चालवणारे जनुक शोधले. तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

विडा या शांत अस्तरावर चार बाजूंनी येतो. चुना आम्लाच्या उलट टोकाचा, त्याने वरचा थर भाजतो. चुन्याने तोंड भाजल्याचा अनुभव पान खाणाऱ्या प्रत्येकाला आहे. भाजलेल्या जागेतून इतर जिन्नस खोल जातात. सुपारीतल्या अरेकोलिन या क्षारद्रव्याला चुन्याचा संग लागला की त्याचे दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते, आणि ते मेंदूला तरतरी देते. विड्याची सवय लागते ती सुपारीतल्या या द्रव्यांनी. तिसरी गोष्ट सुपारीतले तांबे. अस्तराखालच्या थरात कोलॅजनचे धागे असतात, त्यांना आडवे टाके घालणाऱ्या विकराला तांबे लागते. तांबे मुबलक मिळाले की टाके वाढतात. चौथी गोष्ट सुपारी आणि कात या दोहोंतले टॅनिन. टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधते, आणि एकदा बांधलेला कोलॅजनचा धागा शरीराच्या कात्रीला तुटत नाही. सुती जाळी टिकावीत म्हणून जगभरचे कोळी ती कातात बुडवत आणि चामडे कमावणारे टॅनिननेच कातडे घट्ट करत. गालाच्या आत होते ते त्याच जातीचे काम.

पण सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट टीजीएफ-बीटाची. अस्तराला शांत ठेवणारा जो निरोप, तोच धागे विणणाऱ्या पेशींना 'विणा' असेही सांगतो. थोडा असेल तेव्हा शांतता आणि जखम भरणे, सतत आणि जास्त असेल तेव्हा व्रण. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की सुपारीतली द्रव्ये अस्तराच्या पेशींत हाच मार्ग चालू करतात. निरोगी तोंड ही शरीरातली व्रण न धरता भरणारी जागा. गालाला दाताने चावा बसला तर चार दिवसांत खूण राहत नाही. तेच तोंड विड्याने आतून दोरखंडासारखे आवळते. सोसण्याची यंत्रणा तोंडाचे रक्षण करते आणि तिलाच दिवसरात्र कामाला लावले तर तीच तोंड आखडवते. या आखडण्यात प्रतिकार यंत्रणेचा वाटा इतका आहे की सुपारी हाच एकमेव दोषी म्हणून थांबणे पुरेसे होत नाही. सारखी सुपारी खाणाऱ्यांपैकी एखाद्याचेच तोंड आखडते, त्याचे एक कारण हेही असावे.

या आखडण्याची वैद्यकात नोंद झाली ती १९५२-५३ मध्ये. श्वार्ट्झ नावाच्या संशोधकाने केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातली ही अवस्था १९५२ मध्ये मांडली. त्याच सुमाराला मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या खांबांतला हा कडकपणा वेगळा रोग म्हणून नोंदवला आणि १९५३ मध्ये त्यावर लेख छापला. म्हणजे रोग दोन खंडांत एकाच काळात दिसला, आणि दोन्हीकडे रुग्ण भारतीय. पुढे डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सिरसाट यांनी १९६६ मध्ये त्याची नेमकी व्याख्या केली. रुग्णाची तक्रार मात्र तेव्हाही आजच्याच शब्दांत असे: तिखट झोंबते, तोंड येते, आणि मग घास घेताना तोंड उघडत नाही.

कर्करोगाचा माग याच्या आधीच लागला होता. मुंबईच्या टाटा रुग्णालयाची स्थापना १९४१ ची. तिथले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये सलग हजार मुखकर्करोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या जमातीच्या माणसाला तोंडात नेमका कुठे रोग होतो आणि त्या जमातीच्या खाण्याचघळण्याच्या सवयी काय, हे त्यांनी जोडून पाहिले. इंग्लंड-अमेरिकेत जिभेचा आणि ओठाचा कर्करोग अधिक. इथे गालाचा, आणि तोही बार धरायच्या बाजूचा. सवयीतून रोग शोधण्याची ही खानोलकरांची रीत त्या काळी नवी होती. महत्त्वाचे म्हणजे ही १९४४ ची नोंद आहे. गुटखा तेव्हा नव्हता. जुना विडा निर्दोष होता आणि आजची पुडी दोषी, असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख आधी पाहावी.

खेड्यांत काय चालते हे रुग्णालयात कळत नाही. ते शोधायचे काम अनपेक्षित ठिकाणाहून झाले. होमी भाभांनी भौतिकशास्त्र-गणितासाठी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक दंतसंशोधन विभागही होता. फली मेहता त्याचे प्रमुख, पिंडबोर्ग सहकारी. या मंडळींनी भारतातल्या वेगवेगळ्या राज्यांतल्या ५०,९१५ खेडूतांची तोंडे तपासून १९६९ मध्ये निष्कर्ष छापले आणि १९७२ मध्ये महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांचे. दंतवैद्य घराघरांत जाऊन तोंडे पाहत, सवयी लिहून घेत, पुढल्या वर्षी पुन्हा जात. एक लाख तोंडे उघडून पाहणे हे किती मोठे काम, ते पाहिल्याशिवाय कळायचे नाही. याच चमूने १९८० मध्ये लिहिले की तंबाखूचा विडा ज्या जागी धरला जातो तिथे पांढऱ्या रेघांची, लायकेन प्लॅनस या रोगातल्यासारखी खूण उमटते. ही खूण प्रतिकार पेशींच्या गर्दीची. तिथे अस्तराने सोसणे सोडलेले असते. केरळमधल्या ६६ आखडलेल्या तोंडांचा १७ वर्षे पाठपुरावा झाला तेव्हा त्यातल्या ७.६ टक्के रुग्णांना कर्करोग झाला, हा निष्कर्ष १९८५ चा.

चाल बदलली ती १९७० नंतर. उत्तरेत पानमसाल्याची आणि पुढे तंबाखू घातलेल्या गुटख्याची पुडी आली. पान नाही, म्हणून नासण्याची भीती नाही. अडकित्ता नको, चुन्याची डबी नको. पानमळ्यातून करंड्या वेळेवर निघण्याची घाई होती, पुडीला ती नव्हती. किंमत खिशाला परवडे आणि पोरांनाही. मनोरच्या नाक्यावर, जिथे पालघरचा फाटा मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो, ट्रकचालक, वीटभट्टीवरचे मजूर, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे यांच्यासाठी टपऱ्यांवर या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. दिवसाला दोन-चार विडे खाणारा माणूस पुडीचा ग्राहक झाला की दहा-वीसवर जाई. तोंडाच्या अस्तराला पूर्वी दोन विड्यांमध्ये जी उसंत मिळे, ती गेली. पुढल्या दशकांत तोंड आखडण्याचा रोग पन्नाशीतल्या माणसांकडून विशीतल्या मुलांकडे सरकला.

महाराष्ट्र सरकारने १ ऑगस्ट २००२ पासून गुटख्यावर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. खाद्यपदार्थावर कायमची बंदी घालण्याचा अधिकार राज्याला नाही, असे कारण. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने सुपारीला तंबाखूशिवायही कर्करोगकारक ठरवले. २०११ च्या केंद्रीय नियमाने अन्नात तंबाखू आणि निकोटिन घालायला मनाई केली, आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी आणली. ती दरवर्षी वाढवली जाते. गुजरातनेही त्याच वर्षी बंदी घातली, तरी महामार्गावर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या मनोरपासून तलासरीपर्यंत येत राहतात. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, असे विकून नियम वाकवण्याचीही रीत पडली. साध्या सुपारीवर मात्र बंदी नाही. ती किराणा मालाच्या दुकानात मिळते, देवाच्या ताटात असते आणि लग्न ठरले की अजूनही फुटते.

केळवे-माहीमचे पानमळेही आहेत, पूर्वीइतके नसले तरी. पानाला दोष देण्यासारखे पुराव्यात काही नाही. दोष सुपारीचा, तंबाखूचा आणि त्यांच्यासोबतच्या चुन्याचा. तेव्हा पानमळेवाल्यांना उपाशी ठेवून हा प्रश्न सुटणार नाही, आणि पान सोडून पुडी धरणाऱ्याचाही सुटणार नाही. एकदा आखडलेले अस्तर सवय सोडल्यावर पूर्ववत होत नाही. वाढणे मात्र थांबू शकते, आणि कर्करोगाच्या आधी दिसले तर माणूस वाचतो. साधी परीक्षा घरच्या घरी करता येते. हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात दातांच्या मधून आत गेली पाहिजेत. जात नसतील, तिखट झोंबत असेल किंवा गालाच्या आतून पांढरट पट्टा बोटाला लागत असेल, तर सुपारी आणि तंबाखू त्याच दिवशी बंद करून दंतवैद्याला दाखवावे.